आधी सही, मग वाण

"रत्ना, थांब गं, भेंडी घ्यायची राहिलीय," म्हणत मी मागं वळले, तर रत्ना जागेवर नाही.

शनिवारचा बाजार होता, ऑक्टोबरातला. हेझलफर्डच्या, आमच्या ह्या विलायती गावाच्या, चौकात आठवड्यातून एकदा भाजीवाले तंबू ठोकतात, तिथं आम्ही दोघी गेली कित्येक वर्षं न चुकता जायचो. बघितलं तर बाई चौकाच्या टोकाला, सार्वजनिक शौचालयाकडं जवळजवळ पळत निघालेली. मी भेंडीचा नाद सोडला आणि पिशव्या सावरत मागोमाग गेले. पोचले तेव्हा ती बंद दारापुढं उभी होती. दाराला हे एवढं मोठं कुलूप आणि त्याच्यावर प्लास्टिकमध्ये घातलेला कागद.

मी चष्मा लावून कागद मोठ्यानं वाचला. लिहिलं होतं की खर्चकपातीमुळं ही सुविधा तूर्त बंद केली आहे, ती कायमची बंद करावी का यावर काऊन्सिलला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, तुमचं मत हवं आहे, तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे.

"बघितलंस का मेल्यांचं? आधी कुलूप ठोकलं आणि आता विचारतायत, ठोकू का म्हणून!" मी हसायलाच लागले.

रत्ना हसली नाही. तिनं एका हातानं भिंत धरली होती. चेहरा पांढराफटक.

"चल, त्या समोरच्या कॅफेत जाऊ. एक चहा मागवला की जाऊ देतात आत."

"नको मंदा," ती अगदी हळू म्हणाली. "आता नको. उशीर झाला."

मग मला वास आला. मी अंगातला कोट काढला आणि तिच्या कमरेभोवती बांधला. टॅक्सी बोलावते म्हटलं तर मान हलवली, त्या माणसाची सीट खराब होईल म्हणे. पंचवीस मिनिटं चालत आलो आम्ही, ती पुढं आणि मी मागं. मागून कुणाला काही दिसू नये म्हणून मी मागं.

रत्नप्रभा नाडकर्णी ही बाई तुम्हाला कळायला हवी. दादरची. इथल्या हॉस्पिटलच्या ऑफिसात तीस वर्षं टायपिस्ट होती. घरात एकटी असली तरी साडीला इस्त्री हवी, चहाला बशी हवी. नवरा गेला तेव्हासुद्धा चारचौघांत डोळ्यांतून पाणी काढलं नाही. आणि मी मंदाकिनी जगदाळे, कराडकडची. विमानातल्या जेवणाचे ट्रे भरायच्या कारखान्यात बावीस वर्षं काढली, तिथं सुपरवायझरशी भांडून भांडून इंग्रजी शिकले. आमचं दोघींचं कसं जमलं देव जाणे, पण जमलं होतं.

त्या दिवशी तिची साडी मी धुतली. ती नाही नाही म्हणत होती, पण मी ऐकते होय? ती आंघोळ करून आली, माझ्यासमोर बसली आणि सांगितलं. आदल्या वर्षी तिनं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं म्हणून सगळ्यांना सांगितलं होतं, ते पित्ताशयाचं नव्हतंच. आतड्याचा कॅन्सर होता. आतड्याचा तुकडा काढला होता. तेव्हापासून तिला धरवत नव्हतं. कळ आली की पाच मिनिटं, फार तर सहा.

"म्हणून मी लायब्ररीत येत नाही, देवळात येत नाही," ती म्हणाली. "बाजारात येते, कारण तिथं ते एक दार आहे. आठवड्यातून तेवढंच एक बाहेर पडणं उरलंय बघ माझं."

"अगं मग मला सांगायचं नाही? वर्षभर?"

"कुणालाच सांगितलं नाही. मुलीलासुद्धा नाही. मंदा, माझ्या गळ्याची शपथ घे. हे कुणाला कळलं तर मी लोकांना तोंड दाखवू शकणार नाही. मी खोलीत शिरले की सगळ्या तेच आठवतील."

मी शपथ घेतली. तिच्या गळ्याला हात लावून घेतली. आणि घरी जाऊन काऊन्सिलला फोन लावला.

तो फोन आणि त्याच्या पुढचे पाच महिने आठवले तरी अजून माझं डोकं फिरतं. आधी अर्धा तास पिआनो ऐकवला. मग एका मुलीनं सांगितलं, मॅडम, वेबसाइटवर अर्ज आहे तो भरा. भरला. उत्तर आलं, तुमचं मत नोंदवून घेतलं आहे. मी पुन्हा फोन केला, नोंदवून घेतलं म्हणजे काय केलं? तर म्हणे नोंदवून घेतलं. महिनाभरानं पत्र आलं की या विषयावर एक सल्लामसलतीची बैठक झाली, तिला कोणीही नागरिक हजर नव्हते. अरे, बैठक आहे हे सांगितलं कुणाला होतं तुम्ही? ती जाहीर केली होती म्हणे टाऊन हॉलच्या तळमजल्यावरच्या फळ्यावर. ह्याला म्हणतात लोकशाही! आजचं मरण उद्यावर, आणि उद्याचं फळ्यावर.

आमच्या वॉर्डाचा काउन्सिलर होता डॉबसन नावाचा. चाळिशीचा, तुरतुरीत, दर मे महिन्यात निवडणुकीला दारात येऊन दात काढणारा. त्याला भेटायला दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी लायब्ररीत रांग लावावी लागायची. मी लावली.

"मँडी!" तो म्हणाला. मला कधी कुणी मंदाकिनी म्हटलंय ह्या देशात? "मी शंभर टक्के तुमच्या बाजूनं आहे. पण माझं एकट्याचं काय चालतंय? तुम्ही लोकांना हलवा. पाचशे सह्यांचा अर्ज आणा. नियमच आहे, पाचशे सह्या झाल्या की अर्जदाराला काऊन्सिलच्या सभेत तीन मिनिटं बोलू द्यावं लागतं."

"दोन महिने फोन करून कुणी ऐकेना, आणि पाचशे सह्यांना तीन मिनिटं?"

"लोकशाहीला वेळ लागतो, मँडी."

"संडासाला लागत नाही," मी म्हटलं आणि उठले.

सह्या गोळा करायला निघाले तेव्हा कळलं की काऊन्सिल परवडलं, पण आपली माणसं नको. बाजारातल्या गोऱ्या भाजीवाल्यांनी पटापट सह्या केल्या, बस स्टॉपवरच्या म्हाताऱ्यांनी केल्या. आणि आमचे मराठी लोक? "सगळे एका माळेचे मणी हो. सही करून काय होणार?" एक म्हणाला, "मी तर मतच देत नाही." भारताचा पासपोर्ट असला तरी इथं राहणाऱ्याला इथं मत देता येतं, हे आमच्यातल्या निम्म्यांना ठाऊकच नव्हतं. आणि बायका कागदावरचं मथळ्याचं वाक्य वाचून तोंडाला पदर लावायच्या. "इश्श, ह्याच्यासाठी सही? दुसरा विषय नाही का मिळाला?" मग मीही बोलताना 'बाजारातली सोय' म्हणायला लागले. ताकाला जाऊन भांडं लपवायचं, दुसरं काय!

जानेवारी उजाडला आणि माझ्या तीनशे साठच सह्या होत्या. डोकं चालवलं. दरवर्षी संक्रांतीचं हळदीकुंकू मी शाळेच्या हॉलमध्ये घ्यायचे, शंभरेक बायका यायच्या. माझ्याकडं विधवा, सवाष्ण असला भेद नसतो, यायचं आणि तिळगूळ घ्यायचा. त्या वर्षी वाण म्हणून झाकणाचे चांगले डबे आणले. दारात टेबल मांडलं, टेबलावर अर्ज ठेवला, आणि वर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत पाटी लावली, 'आधी सही, मग वाण.' इंग्रजीत का, तर सुनांना मराठी वाचता येत नाही म्हणून.

"सही दे, मग डबा घे," मी एकेकीला सांगत होते. हसत होत्या सगळ्या, ढकलाढकली करत होत्या. रत्ना टेबलाशी बसून प्रत्येकीचा पत्ता आपल्या सुरेख अक्षरात लिहून घेत होती. शाळेच्या हॉलला शौचालय होतं ना, म्हणून आली होती. तिनं स्वतः मात्र सही केली नाही.

"माझं नाव नको कुठं," ती म्हणाली.

"अगं पाचशेतली एक सही. कुणाला काय कळणार आहे?"

"तरी नको."

मी आग्रह केला नाही. त्या एका दुपारी एकशे त्रेपन्न सह्या झाल्या. सुनांच्या, लेकींच्या, दोन जावयांच्यासुद्धा. सगळ्यांचा फोटो काढला आणि तो इथल्या साप्ताहिकात छापून आला. मी मधे उभी, डोक्यावर ती पाटी. कात्रण मी फ्रिजला चिकटवलं होतं.

फेब्रुवारीच्या शेवटच्या मंगळवारी, संध्याकाळी सातला, सभा होती. आठवडाभर आधी पोस्टानं कागदांचं एक बाड आलं, नव्वद पानांचं. मी ते उघडलंसुद्धा नाही. पाच महिने ह्यांचे कागद वाचून काय झालं होतं? मला तीन मिनिटं मिळाली होती आणि ती माझ्या डोक्यात तयार होती. प्रेक्षकांची गॅलरी भरलेली दिसावी म्हणून हळदीकुंकवाच्या अकरा बायकांना तीन गाड्यांत कोंबून नेलं. रत्नालाही नेलं.

"टाऊन हॉलला आहे ना गं?" तिनं गाडीत हळूच विचारलं.

"गॅलरीच्या मागंच आहे. मी बघून आलेय."

तेव्हा कुठं ती आली. निळी साडी नेसली होती, वर करड्या रंगाचा स्वेटर.

सभागृहात शिरताना एका पोऱ्यानं सगळ्यांच्या हातात एकेक पिवळा कागद दिला. मी तो घडी करून पर्समध्ये टाकला. खाली गोल मांडलेल्या खुर्च्यांवर काउन्सिलर लोक, मधे गळ्यात सोन्याची साखळी घातलेल्या मेयरबाई, आणि त्यांच्यासमोर मला माईक. वर गॅलरीत आमच्या बायका कुजबुजत बसल्या होत्या, शाली सावरत. मला खरंच अभिमान वाटला त्यांना बघून.

माझी तीन मिनिटं मी छान बोलले. बाजार सांगितला, म्हातारी माणसं सांगितली, लहान पोरांच्या आया सांगितल्या. रत्नाचं अवाक्षर नाही. टाळ्या पडल्या, डॉबसननं तर अंगठा दाखवला.

"धन्यवाद, मिसेस जगदाळे," मेयरबाई म्हणाल्या. "सदस्यांचे काही प्रश्न असतील तर..."

एक जण उभा राहिला. व्हिटॅकर. उंच, पांढरे केस, टाय असा घट्ट की मान सुटायची नाही. त्याच्या हातात वर्तमानपत्राचं कात्रण होतं. माझ्या फ्रिजवरचंच.

"मॅडम मेयर, सभेनं हा फोटो बघावा. पाटीवर लिहिलंय, आधी सही करा, मग भेटवस्तू घ्या. या अर्जावरच्या दीडशे सह्या प्लास्टिकच्या डब्यांच्या बदल्यात घेतल्या आहेत. माझा अर्जदारांना साधा प्रश्न आहे. ह्यातल्या किती बायकांनी आयुष्यात एकदा तरी ते शौचालय वापरलं आहे? की सह्या विकत घेणं हीच तुमच्याकडची पद्धत आहे?"

सभागृहात कुणीतरी हसलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तुमच्याकडची! अरे मेल्या, वाण आहे ते! संक्रांतीचं वाण! आमच्या आज्या-पणज्या बोळकी वाटायच्या, त्याला कुणी लाच म्हटलं नाही. मी लबाड? बावीस वर्षं त्या कारखान्यात एक चमचा घरी आणला नाही, ती मी लबाड?

"काउन्सिलर व्हिटॅकर, हे अनावश्यक आहे," मेयरबाई म्हणाल्या. "मिसेस जगदाळे, तुम्हाला ह्याचं उत्तर द्यायची काही गरज नाही. खरं तर पान एकेचाळीसवर, आणि आजच्या पिवळ्या पुरवणीतही..."

"नाही, मला द्यायचंय उत्तर!"

"मिसेस जगदाळे, तुम्ही जरा ऐकून घेतलंत तर..."

"पाच महिने ऐकतेच आहे! तुम्ही नोंदवून घेता आणि आम्ही ऐकून घेतो! आता तुम्ही ऐका!"

मी वर बघितलं. रत्ना उभी राहिली होती. हात हलवत होती माझ्याकडं बघून, हातात तो पिवळा कागद. मला वाटलं, बोल म्हणतेय. मला खरंच तसं वाटलं, किंवा त्या वेळी मला दुसरं काही वाटूनच घ्यायचं नव्हतं.

"कोण वापरतं विचारताय ना?" मी म्हटलं. "त्या बघा. वर, निळ्या साडीतल्या. मिसेस नाडकर्णी. त्यांना कॅन्सर झाला होता. आतडं कापलंय त्यांचं. त्यांना धरवत नाही. ऑक्टोबर महिन्यात तुमच्या त्या कुलपासमोर उभ्याउभ्या त्यांची साडी भरली. मी माझा कोट बांधून त्यांना घरी नेलं. ती साडी मी माझ्या ह्या हातांनी धुतली. आणि तुम्ही मला डबे दाखवताय?"

माईक होता समोर. शब्द न् शब्द वरच्या शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

व्हिटॅकर खाली बसला, कात्रण त्याच्या हातातच. त्याचा चेहरा पडलेला बघून मला काय बरं वाटलं म्हणून सांगू! जिरली, असंच वाटलं मला. मग मेयरबाईंनी घसा साफ केला आणि जरा पडलेल्या आवाजात वाचून दाखवलं. शौचालय बंद करण्याचा प्रस्ताव दहा दिवसांपूर्वीच मागं घेतला होता. पाचशेवर सह्या आल्या म्हणून सत्ताधारी गटानं तसं ठरवलं होतं. एक मार्चपासून ते पुन्हा उघडणार होतं. व्हिटॅकरला हा निर्णय मान्य नव्हता, म्हणून तो उठून चिडचिड करत होता, एवढंच.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा.

सभा संपल्यावर जिन्याच्या खाली आमच्या अकरा बायकांनी रत्नाला घेरलं होतं. "अगं रत्नाताई, बोलायचं नाही का आम्हाला?" एक म्हणत होती. दुसरी म्हणत होती, "माझ्या नणंदेला पण तसंच झालंय, त्यांना ते मोठ्या माणसांचे लंगोट मिळतात, मी पत्ता देते." तिसरीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. रत्ना सगळ्यांना हो हो म्हणत होती, हसतसुद्धा होती. मग तिनं स्वेटरची बटणं एकेक करून लावली आणि म्हणाली, मी बसनं जाते.

"बसनं कशाला? गाडी आहे ना," मी म्हटलं.

"जाते मी," ती म्हणाली आणि गेली. मला वाटलं, भरून आलं असेल बिचारीला.

मग तीन दिवस तिनं फोन उचलला नाही. मी म्हटलं बरं नसेल, की मुलीकडं गेली असेल, आणि तेवढंच पटवून घेतलं स्वतःला. दोन मार्चला, शनिवारी सकाळी, माझी बेल वाजली. दारात डॉबसन, आणि त्याच्याबरोबर गळ्यात कॅमेरा अडकवलेली एक पोरगी.

"मँडी! काय कमाल केलीत त्या दिवशी! सगळीकडं चर्चा आहे. मेच्या निवडणुकीच्या पत्रकासाठी फोटो हवाय, तुम्ही आणि मिसेस नाडकर्णी, त्या उघडलेल्या दारासमोर. आम्ही आधी त्यांच्याकडं गेलो होतो, पण त्यांनी दार उघडलं नाही. तुम्ही जरा सांगाल का त्यांना?"

"तिच्या घरी गेला होतास तू? कॅमेरा घेऊन?"

"लोक राजकारणाला कंटाळलेत, मँडी. अशी खरीखुरी गोष्ट समोर आली की त्यांना वाटतं, आपलं कुणीतरी ऐकतंय."

"लाज नाही वाटत? आजारी बाईचा फोटो संडासाच्या दारात? एवढा हावरट आहेस मतांसाठी? चल नीघ!"

तो गडबडला. खरंच गोंधळला होता तो, नाटक नव्हतं करत. "पण मँडी," तो म्हणाला, "त्यांचं नाव तर तुम्हीच सांगितलंत. सगळ्यांसमोर."

मी दार आपटलं आणि चपला घालून तशीच रत्नाकडं गेले.

तिनं दार उघडलं. इस्त्रीची साडी, केस नीट बांधलेले. आत घेतलं, चहा ठेवला. मी आपली बडबडतच होते, डॉबसनला कसा हाकलला, काय काय बोलले. तिनं कप बशीत ठेवून माझ्यापुढं सरकवला.

"चल, आज शनिवार आहे. बाजारात जाऊ," मी म्हटलं. "उघडलंय ते, काल बघून आले मी. नवा रंग दिलाय."

"मी नाही येणार."

"अगं पण तुझ्यासाठीच तर भांडले ना मी एवढी!"

"बाजारात आपल्या सगळ्या जणी असतात," रत्ना म्हणाली. "काल एक घरी आली होती. बसायच्या आधी तिनं सोफ्याकडं बघितलं."

ती उठली, टेबलाच्या खणातून तो पिवळा कागद काढला आणि माझ्यासमोर ठेवला.

"हा मी तुझं भाषण सुरू व्हायच्या आधीच वाचला होता, मंदा. आपण जिंकलो होतो. मी वरून हात करत होते, थांब म्हणून."

"मला वाटलं बोल म्हणतेयस."

"मेयरबाईंनीही सांगितलं, उत्तर द्यायची गरज नाही म्हणून. दोनदा सांगितलं."

"पण तो व्हिटॅकर काय बोलला ऐकलंस ना? सह्या विकत घेतल्या म्हणाला! तुमच्याकडची पद्धत म्हणाला! मला नाही सहन झालं. तुझ्यासारख्या बाईसाठी एवढी धडपड करायची आणि वर असं ऐकून घ्यायचं?"

"तुला म्हणाला," रत्ना म्हणाली.

"काय?"

"तो तुला म्हणाला. मला त्यानं काहीच म्हटलं नव्हतं. मी तिथं आहे हेसुद्धा त्याला माहीत नव्हतं." तिचा आवाज जराही चढला नव्हता. "त्यानं तुला लबाड म्हटलं, आणि ते खोटं पाडायला तुझ्या हाताशी मी होते."

मी तोंड उघडलं. मला सांगायचं होतं की असं नाही, रागाच्या भरात झालं, उचलली जीभ लावली टाळ्याला, माझा स्वभावच मेला तसला. पण ती माझ्याकडं बघत होती आणि तिच्यासमोर खोटं बोलता येईना.

"चहा घ्या, मंदाताई," ती म्हणाली. "निवतोय."

तीस वर्षांत तिनं मला कधी ताई म्हटलं नव्हतं.

पुढं चार वर्षं जगली ती. दर शनिवारी बाजारातून तिची भाजी मी आणायचे. ती दारातच पिशवी घ्यायची, "उगाच त्रास घेता तुम्ही" म्हणायची आणि हळूच दार लावून घ्यायची. भांडली असती तर बरं झालं असतं. मी भांडणात तरबेज आहे, भांडून भांडून पुन्हा जवळ आणली असती तिला. पण ती भांडलीच नाही. त्या चार वर्षांत मी तिच्या घरात पाऊल टाकलं ते एकदाच, मुलीनं बोलावलं म्हणून, आणि तेव्हा रत्ना गेलेली होती.

मुलीला आईचा आजार साप्ताहिकात वाचून कळला होता. तिनं मला तसं सांगितलं, अगदी सभ्यपणे.

आता इथल्या बायका नव्या सुनांना माझी ओळख करून देतात, ह्या जगदाळेकाकू, ह्यांनी काऊन्सिलला नमवलं. मग त्या सुना विचारतात, काकू, सांगा ना काय झालं होतं. मी त्यांना फोनवरचा पिआनो सांगते, फळ्यावरची नोटीस सांगते, व्हिटॅकरची मान सांगते. हसतात त्या. मलाही सांगताना अजून राग येतो, आणि मला तो राग आवडतो, कारण तो येतो तोपर्यंत बरं असतं. सांगून झालं की त्या घरी जातात. मग मी एकटी बसते आणि मला ठाऊक असतं की व्हिटॅकरनं रत्नाचं काही वाईट केलं नाही, डॉबसननं केलं नाही, त्या कुलपानंसुद्धा एवढं केलं नव्हतं. तिच्या गळ्याला हात लावून शपथ घेतली होती ती मी एकटीनंच.